जेवणाचें पान आणि पुस्तकाचें पान

मराठींतला ‘पान’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. आई म्हणते, “पान वाढलें आहे,” आणि वर्गांत गुरुजी म्हणतात, “पान उलटा.” एका पानावर भात असतो व दुसऱ्या पानावर कविता असते, पण दोहोंचें मूळ एकच, तें म्हणजे संस्कृत ‘पर्ण’. केळीच्या व पळसाच्या पर्णावर आपले पूर्वज जेवले, आणि ताडाच्या पर्णावर त्यांनीं ग्रंथ लिहिले. पुढें पत्रावळीच्या जागीं पितळेचें ताट आलें, ताडपत्राच्या जागीं कागद आला, तरी दोन्ही ठिकाणीं पानाचें नांव टिकून राहिलें. ही केवळ आपल्याच भाषेची गंमत आहे असें नाहीं. इंग्रज लोकहि पुस्तकाच्या पानास झाडाच्या पानाचाच शब्द लावतात. आणि लॅटिन भाषेंत ‘फोलियम्’ म्हणजे झाडाचें पान, त्यापासून छापखान्यांतील मोठ्या आकाराच्या पुस्तकास ‘फोलिओ’ हें नांव पडलें.

जेवणघर आणि ग्रंथालय ह्यांच्या मधल्या भिंतींत असलीं दारें पुष्कळ आहेत. आमच्या विद्यार्थ्यांना तीं दिसत नाहींत, कारण स्वयंपाकघरांतला शब्द निबंधांत आला कीं निबंध हलका झाला अशी त्यांची समजूत असते. ‘तिखटमीठ लावून सांगितलें’ असें लिहिलेला मुलगा तें खोडून ‘अतिशयोक्तिपूर्ण वर्णन केलें’ असें लिहितो, आणि वाक्याची चव घालवून बसतो. वस्तुतः ज्यांना आपण साहित्यशास्त्रांतले भारदस्त शब्द समजतों त्यांपैकीं कितीएक चुलीजवळूनच आलेले आहेत. त्यांची हकीगत येथें सांगावयाची आहे. मात्र शब्दाचें मूळ शोधतांना एक पथ्य पाळलें पाहिजे. दोन शब्द कानाला सारखे लागले एवढ्यावरून ते एका आईचीं लेंकरें ठरत नाहींत. चुकीच्या तर्कानें काव्याची हानि कशी होते, आणि खऱ्या तर्कानें कधींकधीं आपल्याच आवडत्या समजुतीस धक्का कसा बसतो, ह्याचें एकेक उदाहरण पुढें येईल.

आधीं मीठ घेऊं. मिठाला संस्कृतांत ‘लवण’ म्हणतात, आणि लवणाचा जो भाव तें ‘लावण्य’. शब्दशः अर्थ करावयाचा तर लावण्य म्हणजे खारटपणा! सौंदर्याला खारटपणा म्हणणें प्रथम ऐकतांना विचित्र वाटतें. पण ज्यानें एकदां तरी अळणी आमटी खाल्ली आहे त्याला हें समजावून सांगावें लागत नाहीं. डाळ तीच, फोडणी तीच, चिंचगूळ तोच. परंतु मीठ नाहीं म्हणजे कांहींच नाहीं. आणि मीठ पडल्यावर तें नेमकें कोठें आहे हें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. हिंदींतला ‘सलोना’ हा शब्दहि ह्याच घराण्यांतला आहे. ‘सलवण’ म्हणजे मिठासह. मिठासह म्हणून रुचकर, आणि रुचकर म्हणून देखणा.

नवव्या शतकांत काश्मीर देशांत आनंदवर्धन नांवाचा मोठा साहित्यशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याच्या ‘ध्वन्यालोक’ ग्रंथाचा मुख्य सिद्धांत असा कीं, उत्तम काव्यांत शब्दांच्या उघड अर्थाहून निराळा असा एक सूचित अर्थ असतो, आणि तोच काव्याचा आत्मा होय. हा सूचित अर्थ म्हणजे काय, हें पटवून देण्यास त्यानें दृष्टांत घेतला तो लावण्याचाच. स्त्रीचें लावण्य जसें तिच्या नाकाडोळ्यांत वेगळें काढून दाखवितां येत नाहीं, तरी सर्व अवयवांहून निराळें असें तें झळकत असतें, तसाच महाकवींच्या वाणींतला तो अर्थ. आमटींतल्या मिठाची गोष्ट आम्हीं वर सांगितली, तीच येथें शास्त्राच्या आसनावर बसलेली दिसेल. आनंदवर्धनाच्या मनांत हा शब्द लिहितांना मिठाचा खडा होता असें आमचें म्हणणें नाहीं. पण शब्दाच्या पोटांत तो होता.

हीच वाट रोमन लोक निराळ्या पायांनीं चालून गेले. लॅटिनमध्यें ‘साल्’ म्हणजे मीठ, आणि ‘साल्’ म्हणजेच बोलण्यांतली चतुराई, विनोद. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताच्या उद्रेकांत मरण पावलेला प्लिनी हा आपल्या सृष्टिवर्णनाच्या ग्रंथांत म्हणतो कीं, मीठ हें मनुष्यास इतकें आवश्यक आहे कीं मनाच्या आनंदासहि त्याचेंच नांव मिळालें. ज्या संभाषणांत ‘साल्’ नाहीं तें अळणी. ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या संत पौलानेंहि कलस्सैकरांस पाठविलेल्या पत्रांत त्यांच्या बोलण्याला मिठाची चव असावी असें सुचविलें आहे. ज्यांनीं तें वचन पाठ केलें आहे त्यांस तें येथें आठवेल. त्याच ‘साल्’पासून ‘सॅलड’ हें कच्च्या भाजीचें नांव आलें, म्हणजे मूळची ‘मीठ लावलेली’ भाजी. ‘सॉस’ हाहि त्याचाच पुतण्या.

लवणाचा विषय निघाला म्हणजे कोणी तरी ‘लावणी’चें नांव काढतोच. लावण्याचें वर्णन करते ती लावणी, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. दुसरे कोणी ‘लावणें’ ह्या क्रियापदाकडे बोट दाखवितात. भाताचीं रोपें ओळीनें लावतात ती लावणी, तशी शब्दांची लावणी. आमचें मत विचाराल तर आमचा कल दुसऱ्या बाजूस आहे. पहिली व्युत्पत्ति कानाला फार गोड लागते, आणि हीच आम्हांस शंकेची जागा वाटते.

मिठावरून रसाकडे वळूं. ‘रस’ म्हणजे झाडाचा किंवा फळाचा द्रव, त्यावरून चव, आणि त्यावरून काव्यांतले व नाटकांतले शृंगार-करुणादि रस. हा प्रवास आपोआप झालेला नाहीं; तो मुद्दाम घडविलेला आहे व घडविणाऱ्यानें तसें सांगूनहि ठेविलें आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत ‘रस म्हणजे काय?’ असा प्रश्न आहे व त्याचें उत्तर स्वयंपाकघरांतून आणलेलें आहे. नाना प्रकारचीं तोंडीलावणीं, वनस्पति आणि गूळ इत्यादि पदार्थ एकत्र आले म्हणजे त्यांतून जशी एक चव निर्माण होते, तसे नाना भाव एकत्र आले म्हणजे नाट्यांत रस निर्माण होतो. आणि चांगलें जेवणारा जसा अन्नाचा आस्वाद घेऊन संतुष्ट होतो तसा प्रेक्षक रसाचा आस्वाद घेतो. आज आपण पुस्तकाच्या परीक्षणास ‘रसग्रहण’ म्हणतों, वाचकास ‘रसिक’ म्हणतों, आवडीस ‘अभिरुचि’ म्हणतों. हे सर्व शब्द त्याच पंगतींत बसलेले आहेत. इ. स. १००० च्या सुमारास अभिनवगुप्तानें नाट्यशास्त्रावर टीका लिहिली, तेव्हां त्याला केवळ ‘आस्वाद’ पुरेना. रसाच्या अनुभवाला त्यानें ‘चर्वणा’ म्हटलें. चर्वणा म्हणजे चावणें! कविता नुसती गिळावयाची नसते, ती चावावयाची असते, हें त्या पंडितानें एका शब्दांत सांगून टाकलें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं कविता गिळणाऱ्या आमच्या कांहीं शिष्यांस हा शब्द आम्ही भेट देतों. दुसऱ्यानें चावलेलें पुनः चावणें ह्याला ‘चर्वितचर्वण’ म्हणतात, आणि मार्गदर्शिकांचा धंदा त्यावरच चालतो.

रसाहूनहि आम्हांला अधिक मौजेचा वाटतो तो ‘पाक’. पच् म्हणजे शिजणें किंवा पिकणें. त्यावरून पाक म्हणजे स्वयंपाक, आणि पाक म्हणजे फळाचा पिकलेपणा. दहाव्या शतकाच्या आरंभीं राजशेखर नांवाचा कवि कनोजच्या राजांच्या आश्रयास होता. त्याच्या पणज्यास ‘महाराष्ट्रचूडामणि’ असें बिरुद होतें, म्हणून तो आपल्याकडला म्हणावयास हरकत नाहीं. कवीला शहाणें करण्यासाठीं त्यानें ‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ लिहिला, व त्यांत काव्याच्या परिपक्वतेचे नऊ पाक सांगितले. नांवें अशीं: निंब, बोर, द्राक्ष, वांगें, चिंच, आंबा, सुपारी, काकडी आणि नारळ. हें वाचतांना आपण साहित्याच्या वर्गांत आहों कीं मंडईंत, असा भ्रम पडतो. पण प्रत्येक नांवामागें बारीक निरीक्षण आहे. जी रचना आरंभीं वाईट व शेवटींहि वाईट ती निंबपाकाची. आरंभीं नीरस परंतु शेवटीं गोड ती द्राक्षपाकाची. आरंभीं मध्यम व शेवटीं मधुर ती आंब्याची. आरंभीं उत्तम पण शेवटीं अगदींच फसलेली ती सुपारीची. आणि आरंभापासून शेवटपर्यंत गोड ती नारळाची. ज्यांचा शेवट वाईट ते तीन पाक कवीनें टाकून द्यावे, ज्यांचा शेवट मध्यम ते सुधारून घ्यावे, आणि ज्यांचा शेवट गोड ते स्वीकारावे, असा त्याचा निवाडा आहे. निबंध तपासतांना शेऱ्याच्या जागीं ‘सुपारी’ एवढेंच लिहावें असा मोह आम्हांस पुष्कळदां होतो.

ह्या पाकाच्या चर्चेंत एका बाईंचें मत नोंदलेलें आहे, तें सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. पूर्वीच्या शास्त्रकारांचें म्हणणें असें कीं, ज्या रचनेंतला एकहि शब्द काढून त्या जागीं दुसरा घालतां येत नाहीं ती खरी पिकलेली रचना. राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी हिनें हें मान्य केलें नाहीं. तिचें म्हणणें, हा पाक नव्हे, ही तर असमर्थता झाली. कारण महाकवि एकच वस्तु अनेक तऱ्हांनीं सांगूं शकतात, व त्या सर्व तऱ्हा पिकलेल्याच असतात. पतीनें आपल्या ग्रंथांत पत्नीचें नांव घेऊन तिचें मत नमूद केलें, हें त्या काळास शोभा देणारें आहे. आणि पाकाविषयींचा निकाल ज्यांच्या हातीं खरा पाक असतो त्यांना विचारल्याशिवाय लागूं नये हेंहि योग्यच झालें!

नारळाचा दृष्टांत पुढें थोडा बदलला. मागून आलेल्या पंडितांनीं द्राक्षपाक म्हणजे तोंडांत घालतांच रस देणारी रचना, आणि नारिकेलपाक म्हणजे कवटी फोडल्यावर रस देणारी रचना, असा भेद केला. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ काव्यावर टीका लिहितांना मल्लिनाथानें त्या कवीच्या वाणीस नारळाचीच उपमा दिली आहे, व फोडून देण्याचें काम स्वतःकडे घेतलें आहे. टीकाकार कशाला असतो हें इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी सांगितल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

साखरेचें सांगावयाचें तर ‘शर्करा’ म्हणजे मूळची बारीक खडी, वाळूचे कण. त्यावरून तशी दिसणारी साखर. हा शब्द इराणांतून अरबांकडे, अरबांकडून युरोपांत गेला व इंग्रजींत ‘शुगर’ झाला. ‘खंड’ म्हणजे तुकडा. गोठलेल्या पाकाचा तुकडा ती ‘खांड’, आणि तीच अरबांच्या हातून जाऊन ‘कँडी’ होऊन परत आपल्याच मुलांच्या खिशांत आली आहे. ग्रंथाचाहि तुकडा खंडच. हा शब्द ग्रंथकारांच्या जिभेवर किती घोळत होता पाहा: ब्रह्मगुप्तानें इ. स. ६६५ च्या सुमारास ज्योतिषगणिताचा जो ग्रंथ रचला त्याचें नांव ‘खंडखाद्यक’, म्हणजे खांडेची मिठाई. आणि बाराव्या शतकांत श्रीहर्षानें प्रतिपक्षाचीं मतें खोडून काढणारा तर्कग्रंथ लिहिला त्याचें नांव ‘खंडनखंडखाद्य’. गणित व तर्क ह्यांना मिठाई म्हणण्याचें धैर्य आज कोणा ग्रंथकारास होईल असें वाटत नाहीं.

आतां युरोपांतल्या एका ताटाची गोष्ट, आणि ही जरा सविस्तर सांगणें जरूर आहे. समाजांतल्या दोषांवर कोरडे ओढणाऱ्या लेखनास इंग्रजींत ‘सटायर’ म्हणतात. आपण त्यास उपरोधिक लेखन म्हणूं. हा शब्द लॅटिन ‘सातुरा’ ह्यापासून आला. ‘सातुर’ म्हणजे भरलेला, तृप्त. आणि ‘लान्क्स सातुरा’ म्हणजे नाना प्रकारच्या पहिल्या फळांनीं भरलेलें, देवाला अर्पण करावयाचें ताट. ज्या कवितेंत सर्व तऱ्हेचे विषय व छंद एकत्र वाढलेले असतात तिला रोमन लोकांनीं ह्या ताटाचें नांव दिलें. चौथ्या शतकांतील दियोमेदेस नांवाच्या वैयाकरणानें आणखीहि एक पर्याय नोंदून ठेविला आहे: वारो ह्या जुन्या पंडिताच्या आधारें तो म्हणतो कीं, ‘सातुरा’ हें एका सारणाचें नांव होतें, व त्यांत मनुका, जवाचे दाणे आणि चिलगोजे घालून वर मध मिसळलेलें मद्य शिंपडीत, कोणी त्यांत डाळिंबाचे दाणेहि घालीत. ताट म्हणा, सारण म्हणा, मूळ खाद्याचेंच.

आपल्याकडे ह्याला अगदीं जुळणारी वस्तु आहे, ती म्हणजे काला. दहींपोहे, लाह्या, लोणचें जें ज्याच्या शिदोरींत असेल तें एकत्र कालवून देवाला दाखवावें व सर्वांनीं वांटून खावें. वारकऱ्यांच्या वाङ्मयांत ‘काल्याचे अभंग’ हा एक स्वतंत्र प्रकार आहे व सप्ताहाची समाप्ति ‘काल्याच्या कीर्तना’नें होते. रोमन ताटांतून उपरोध निघाला आणि गोकुळच्या काल्यांतून भक्ति निघाली. एकाच तऱ्हेचें मिश्रण, पण जेवणारे निराळे.

ह्या ‘सातुरा’चें पुढें काय झालें तें ऐका. ग्रीक पुराणांत ‘सातिर’ नांवाचे अर्धे बोकड व अर्धे मनुष्य असे रानटी, दांडगे वनचर आहेत. त्यांचें नांव ‘सातुरा’शीं कानाला जुळतें. दियोमेदेसानेंहि ही शंका आपल्या यादींत घातली होती. पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपांत जुन्या विद्येचें पुनरुज्जीवन झालें तेव्हां पंडितांनीं ताट बाजूला सारलें व हे बोकड घरांत घेतले. शब्दाचें स्पेलिंगसुद्धां त्यांनीं बोकडांच्या नांवाप्रमाणें लिहावयास आरंभ केला. इतक्यावर थांबतें तर केवळ कोशकारांचें नुकसान होतें. पण कवींनीं ती व्युत्पत्ति खरी मानली. बोकडांच्या तोंडची कविता ती ओबडधोबड, कर्कश, शिवराळ व दुर्बोध असलीच पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. इंग्लंडांत इ. स. १५९७ ते १५९९ ह्या काळांत जोसेफ हॉल, जॉन मार्स्टन प्रभृति तरुण कवींनीं ह्या मतास अनुसरून उपरोधिक कविता लिहिल्या. अखेर इ. स. १५९९ च्या जून महिन्यांत कँटरबरीचे आर्चबिशप व लंडनचे बिशप ह्यांनीं हुकूम काढून असल्या पुस्तकांची छपाई बंद केली व कित्येक पुस्तकें जाळविलीं. हॉलचें पुस्तक ऐन वेळीं वांचलें. तो पुढें स्वतःच बिशप झाला, हा दैवाचा एक उपरोधच.

हा घोटाळा इझाक कॅसोबों ह्या विद्वानानें इ. स. १६०५ मध्यें मिटविला. तो जिनीव्हांत जन्मलेला, ग्रीक विद्येंत त्या काळीं अग्रगण्य. त्यानें एक स्वतंत्र ग्रंथ लिहून दाखवून दिलें कीं, ग्रीकांचीं सातिरनाटकें आणि रोमन लोकांची ‘सातुरा’ ह्यांचा कांहीं संबंध नाहीं. बोकड निराळे आणि ताट निराळें. इ. स. १६९३ मध्यें ड्रायडन कवीनें रोमन कवींच्या भाषांतराला लांबलचक प्रस्तावना लिहिली तेव्हां त्यानें कॅसोबोंचाच पक्ष घेतला, आणि उपरोध हा सफाईदार व बारीक धारेचा असावा असें प्रतिपादन केलें. एका शब्दाचें मूळ चुकलें म्हणून एक पिढी घसा खरवडून कविता लिहीत होती! व्युत्पत्ति ही रिकामटेकड्यांची करमणूक आहे असें समजणाऱ्यांनीं हें प्रकरण लक्षांत ठेवावें.

‘फार्स’ हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या चांगल्या परिचयाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पौराणिक नाटकाचा गंभीर खेळ संपला म्हणजे लोकांस हंसविण्यासाठीं ‘फार्स’ करून दाखवीत, व मराठींत तो शब्द इतका रुळला कीं फजीती उडाली म्हणजे ‘फार्स झाला’ असें आपण सहज म्हणतों. लॅटिन ‘फार्किरे’ म्हणजे ठासून भरणें. फ्रेंच स्वयंपाकी कोंबड्यांत किंवा भाजींत जें सारण भरतात त्यास ‘फार्स’ म्हणतात. मध्ययुगांत उपासनेच्या ठरीव वाक्यांच्या मध्यें कांहीं जास्तीचीं वाक्यें घालून गात, त्यासहि हेंच नांव होतें; आणि पुढें धार्मिक नाटकांच्या मध्यें विनोदी प्रवेश भरूं लागले त्यास तेंच मिळालें. म्हणजे फार्स म्हणजे नाटकाचें भरलें वांगें. लेख लांबविण्यासाठीं जें घालतात त्याला आपण ‘भरताड’ म्हणतों, तो शब्दहि ह्याच कल्पनेवर उभा आहे.

दोन भाषांची खिचडी करून लिहिलेल्या विनोदी कवितेला युरोपांत ‘मॅकरोनिक’ म्हणतात; हें नांव इटलींतल्या ‘माकारोनी’ ह्या खाद्यावरून पडलें. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पादुआच्या तिफी ओदासीनें ह्या जातीची कविता केली. पण तिला मोठेपणा दिला तो तेओफिलो फोलेंगो (१४९१–१५४४) ह्या बेनेडिक्टी मठांतल्या साधूनें. त्याचें ‘बाल्दुस’ हें काव्य इ. स. १५१७ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत इटालियन शब्दांना लॅटिन प्रत्यय लावून पंडितांची थट्टा केली आहे. नांवाचा खुलासा त्यानें स्वतःच केला: माकारोनी म्हणजे पीठ, चीज आणि लोणी ह्यांचें जाडेंभरडें, खेडवळ मिश्रण, व आपली कविताहि तशीच. इतर कवि सरस्वतीकडे प्रतिभा मागतात. ह्यानें आपल्या सरस्वतींकडे माकारोनी मागितली. अशी कबुली देणारा कवि आम्हांला फार आवडतो.

सरतेशेवटीं घरीं येऊं. मिरचीवांचून मराठी जेवण होत नाहीं, आणि तरीहि मिरची आपली नव्हे. तिचें मूळ स्थान अमेरिका खंड. इ. स. १४९२ मध्यें कोलंबस तिकडे पोहोंचला त्यापूर्वीं आशियांत व युरोपांत कोणी मिरची पाहिली नव्हती. हिंदुस्थानांत ती सोळाव्या शतकांत पोर्तुगीज लोकांबरोबर आली. बटाटा, अननस, काजू ह्यांनीं आपलीं परदेशीं नांवें बरोबर आणलीं. मिरचीनें मात्र येथलेंच नांव पांघरलें. संस्कृतांत काळ्या मिऱ्यास ‘मरिच’ म्हणतात. त्यापासून मिरें, आणि त्याच घराण्यांतून मिरची. तिखटाला तिखटाचें नांव मिळालें. असाच प्रकार पूर्वीं एकदां झाला होता: संस्कृतांतली ‘पिप्पली’ म्हणजे आपली पिंपळी, तिचें नांव ग्रीक व लॅटिन भाषांतून इंग्रजींत गेलें तें ‘पेपर’ होऊन काळ्या मिऱ्यावर जाऊन बसलें, व पुढें तेंच मिरचीलाहि लावूं लागले.

आतां आमच्या वाचकांना ठाऊक असलेला सांवता माळ्याचा तो अभंग आठवा, ज्यांत मळ्यांतल्या भाज्याच विठ्ठल झाल्या आहेत. त्यांत कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर आहे आणि मिरचीहि आहे. सांवता माळी हा सोलापूर जिल्ह्यांतल्या अरण गांवचा, नामदेवांचा समकालीन; त्याचें देहावसान शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ मधलें मानतात. त्यावेळीं मिरची ह्या देशांत येण्यास दोनशें वर्षांहून अधिक अवकाश होता.

कोणी म्हणेल, त्या मिरचीचा अर्थ काळीं मिरें असा घ्यावा. शब्दाच्या दृष्टीनें तें अशक्य नाहीं. पण मळ्याच्या दृष्टीनें अवघड आहे. मिऱ्याचा वेल दमट हवेचा, भरपूर पावसाचा. तो कोंकणांत व मलबारांत आंब्याफणसांवर चढतो. अरणच्या कोरड्या पठारावर मोटेच्या पाण्यानें भाजी पिकविणाऱ्या माळ्याच्या वाफ्यांत तो यावयाचा नाहीं. लसणीच्या व कोथिंबिरीच्या शेजारीं जी उभी आहे ती आपली नेहमींचीच मिरची. तेव्हां तो चरण आज ज्या रूपांत आपण म्हणतों तें रूप सोळाव्या शतकापूर्वींचें नसावें, असें मानणें भाग पडतें.

हें वाचून ज्या घरांत तो अभंग नित्य म्हटला जातो तेथील वडील मंडळींस वाईट वाटेल, ह्याची आम्हांस जाणीव आहे. परंतु ह्यावरून सगळा अभंग खोटा ठरला असें आम्ही म्हणत नाहीं, व कोणा विद्यार्थ्यानें तसें म्हणूंहि नये. हे अभंग कागदावर नव्हे, कंठांत राहिलेले आहेत. दिंडीपाठीमागून दिंडी चालली, एका टाळकऱ्यानें दुसऱ्यास सांगितलें, वहींत उतरून घेतांना उतरणाऱ्यानें आपल्या ओळखीचा शब्द घातला. तेव्हां मूळचा कोणता शब्द गेला हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. आजहि एकच अभंग दोन गांवांत दोन तऱ्हांनीं म्हणतात. एवढें मात्र तो शब्द स्पष्टपणें सांगतो कीं, मधल्या काळांत कोणी तरी हा अभंग गातांना सांवत्याच्या मळ्याकडे न पाहतां स्वतःच्या मळ्याकडे पाहिलें, आणि तेथें तोंवर मिरची लागलेली होती.